इंजिनाची उचकी

ज्वारी अर्धी निवडून झाली होती, तेवढ्यात गिरणीवरून मामांचा फोन आला. "वृषाली, ती बाही घिऊन ये. बर्फातच आण, उघडी नगं."

सूप तसंच ठेवून मी फ्रीज उघडला.

मामा म्हणजे माझे सासरे, आबाराव. सास्तूरच्या आसपास कुणाचंही डिझेल इंजिन बिघडलं की बोलावणं त्यांनाच येतं. कितीतरी दिवस माझ्या फ्रीजरात दुधाच्या पिशवीशेजारी फडक्यात गुंडाळलेली नवी लोखंडी नळी पडून होती. इंजिनाचा धूर बाहेर पडतो त्या तोंडात ती आतून बसते, म्हणून मामा तिला बाही म्हणतात. गारठ्यानं लोखंड आकसतं, मग तापवलेल्या तोंडात ते सरळ उतरतं. पण एका दमात. मधे हात थांबला की अडकलीच.

"बसवायची कधी, मामा?" मी विचारायची.

"आजून गार झाली न्हाय," ते म्हणायचे.

खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गिरणीच्या इंजिनातली जुनी बाही सैल झालेली. चालता चालता ती मधेच फिरते, धुराचं तोंड अडतं आणि एक ठोका चुकतो. टुक टुक टुक, मग उचकी, मग पुन्हा टुक टुक. ती उचकी त्र्याण्णवच्या भूकंपाच्याही आधीची. तेव्हा गिरणीचं इंजिन दुरुस्त करून मामांनी सुरू केलं, की घरी सासूबाई, मुक्ताबाई, उचकी ऐकून तवा ठेवायच्या. आपले मालक गिरणीवरून निघाले म्हणून.

भूकंपाच्या पहाटे मामा लोहाऱ्याला कुणाचं इंजिन खोलायला गेलेले. माझे यजमान प्रेमानंद लहान होते, आजोळी परंड्याला होते म्हणून वाचले. सासूबाई एकट्याच घरात होत्या, त्या गेल्या. पुढं ढिगाऱ्यातून गिरणीचं इंजिन निघालं. मामांनी ते धुतलं, पुसलं, हँडल मारलं. तीच उचकी. ती ऐकून मामा पाना खाली ठेवून घराकडं चालायला लागले. घर कुठं होतं?

त्यानंतर त्या बाहीला त्यांनी हात लावला नाही. पण यंदा धूर गिरणीत कोंडायला लागला. मागच्या बाजाराला राजनंदिनीकाकू दळणाच्या डब्यावरच घेरी येऊन पडल्या. गिरणीवाले श्रीनाथ म्हणाले, "मामा, बाही बदला न्हायतर इंजिन भंगारात जाईल. म्या लायटीवरची मोटार बसवतो." म्हणजे कसंही केलं तरी तो आवाज जाणारच होता.

मी स्टीलच्या डब्यात बर्फ भरून गिरणीवर पोचले. जुनी बाही मामांनी करवतीच्या पात्यानं उभी चिरून काढली होती. ती काळी नळी त्यांच्या मांडीवर होती. धुराचं तोंड असलेला इंजिनाचा वरचा भाग गोवऱ्यांच्या विस्तवावर तापत होता.

श्रीनाथ सहज म्हणाले, "चला, आज हिची उचकी थांबायची. इतकी वर्सं कोण आठवण काढत हुतं कुणास ठाऊक."

कुणी हसलं नाही. त्यांचेच डोळे खाली गेले.

मामांनी तो तापलेला भाग चिमट्यानं उचलून फरशीवर ठेवला. चिंधी गुंडाळलेला हात मागं केला आणि न बघता म्हणाले, "मुक्ता, दे."

आमच्यात भूतखेत मानत नाहीत, मीही मानत नाही. खोटं बोलणार नाही, असं शील मी रोज सकाळी बुद्धवंदनेत घेते. पण मी वृषाली आहे म्हणाले असते, तर मामा थांबले असते, मान वळवली असती आणि लोखंड निवलं असतं. मी डब्यातून बाही काढली. "घ्या," मी म्हणाले. तो आवाज सुनेचा आहे, असं माझं मलाच वाटलं नाही.

बाही सरकन आत गेली.

सगळं पुन्हा जोडून श्रीनाथांनी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. टुक टुक टुक टुक. मामा भिंतीला टेकून बराच वेळ ऐकत राहिले. बायकांनी दळणाचे डबे पुढं सरकवले. त्या गोंगाटात मामा मला म्हणाले, "आता तिला कळायचं कसं, म्या निघालो म्हणून?"

"मी पुढं जाऊन तवा ठेवते, मामा. तुम्ही या," एवढंच मी बोलले.

ते आले. चिरलेली बाही धुऊन आणली होती. ती उंबऱ्याशी ठेवली, अर्धी भाकरी खाल्ली आणि ओसरीवर बसले.

मी सूप पुढं ओढलं. गिरणीचा आवाज इथवर येत होता, एकसारखा, सूत धरल्यागत. खडा वेचताना माझा हात मधेच थांबला. ठोका चुकला होता, तशीच उचकी. वर पाहिलं तर मामाही मान उचलून गिरणीकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

इंजिन बघायला जावं म्हणून हळूच उठून त्यांनी पायात चप्पल घातली, आणि परत काढली.

ज्वारी निवडून झाली. आता दळण घेऊन गिरणीवर जायचं आहे.