तिसऱ्या कोपऱ्यावरचा चुंबक

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही पार्ल्यात दोन खोल्यांत राहायचो. वडील गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे. मी पीएच.डी.साठी एका हिरव्या स्फटिकाच्या मागे लागले होते. वर्षअखेर प्रबंध दिला नाही तर शिक्षण बंद आणि लग्न, असं घरात ठरलं होतं. त्यामुळे तो स्फटिक मला दुश्मनच वाटायचा.

एकदा जेवताना वडिलांनी विचारलं, "तू करतस काय गो थंय?" मी ताटाशेजारी तीन वाट्या त्रिकोणात मांडल्या. म्हटलं, "प्रत्येक वाटी म्हणजे एक छोटा चुंबक. शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं, एवढाच त्याचा हट्ट. हा वर बघतो, म्हणून तो खाली." ते तिसऱ्या वाटीकडे बघत राहिले. "मगे तिसऱ्यान खंय बघूचा?"

माझ्या स्फटिकातही नेमका हाच पेच होता. माझ्या मार्गदर्शक सरांना उत्तर ठाऊक होतं. पुरेसं थंड केलं की सगळे चुंबक कुठल्यातरी रचनेत गोठतात, आणि त्या तापमानाला चुंबकत्वाच्या आलेखावर उंचवटा येतो, असं ते सांगायचे.

मला उंचवटा दिसेना. थंड करायला द्रवरूप हेलियम मिळालं की पुन्हा मोजायचं. चुंबकीय क्षेत्र वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं. रेषा आपली कुठे न अडखळता पुढे जायची. सर म्हणायचे, नमुना अशुद्ध आहे. तीनदा नवा स्फटिक वाढवला. स्फटिक चुकतोय, यंत्र चुकतंय, की मी?

आमच्याकडे बिंदू पेन्सिलीनं मांडायचे, मग प्लॅस्टिकच्या वक्रपट्टीनं त्यांतून गुळगुळीत रेषा काढून वर शाई फिरवायची, अशी रीत होती. शेवटच्या महिन्यात दोन बिंदू जरा वर आलेले दिसले. मी पट्टी तिथेच टेकवली आणि छानपैकी टेकडी काढली. खाली राहिलेले चार बिंदू खोडून टाकले. सर खूश. पदवी मिळाली. वडिलांनी चाळभर पेढे वाटले. माझ्या वाटचा पेढा मी शेजारच्या पोराला देऊन टाकला.

बऱ्याच वर्षांनी वाचलं, की असे काही चुंबक कितीही थंड केले तरी गोठत नाहीत म्हणे, द्रवासारखे आतल्या आत हलत राहतात. माझा स्फटिक त्यातला होता, की खरंच अशुद्ध होता? आता कळायला मार्ग नाही. ते चार बिंदू मीच खोडले.

वडील जाईपर्यंत अधूनमधून विचारायचे, "त्या तिसऱ्याचा काय झाला गो?"

मी म्हणायचे, "बसला जागेवर."