वस्तादांची रजा घ्यायला: नांदेड, उमरी, लातूर

जर्मनीतल्या जिममध्ये पहिल्याच महिन्यात माझी तक्रार झाली होती. गुन्हा काय, तर मी एका माणसाचे जोर मोजले.

साठीचा गडी होता. जमिनीवर हात टेकून आपल्या जोरासारखंच काहीतरी मारत होता आणि नवव्याला त्याचे दंड थरथरायला लागले. आता आमच्या लातूरच्या तालमीत असं कोणी अडकलं की शेजारच्यानं बसायचं, पाठीवर थाप द्यायची आणि मोठ्यानं मोजायचं, ही रीतच. मी बसलो, थाप दिली आणि चक्क मराठीत ओरडलो, "नऊ, दहा, शाब्बास." तो उठला, माझ्याकडे चोर बघितल्यासारखं बघितलं आणि निघून गेला. मग तिथल्या बाईंनी मला गोड हसत नियम समजावले. बाकड्यावर टॉवेल अंथरल्याशिवाय बसायचं नाही, उठल्यावर यंत्र पुसायचं, वजनं जागेवर ठेवायची, आणि विचारल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही, कोणाचं काही मोजायचं नाही.

त्यांचं बरोबरच होतं. मी कान पकडले. त्यानंतर अकरा वर्षं टॉवेल अंथरला, यंत्रं पुसली, कानात हेडफोन घातले, आणि माझं मोजायचं काम मनगटावरच्या घड्याळाला दिलं. तो माणूस, वर्नर त्याचं नाव, अजून येतो. लांबून मान हलवतो, मीही हलवतो. बस्स.

या दिवाळीनंतर एका सकाळी तालमीतल्या सचिनचा व्हॉइस मेसेज आला. आता तालीम तोच बघतो. म्हणाला, "वस्ताद मातीत उतरत न्हाईत आता, गुडघा गेलाय. बाकड्यावर बसून राह्यतात. परवा तुझं नाव काढलं. म्हणले, तो अजून जोर मारतो का?"

एवढंच. मी तो मेसेज चार वेळा ऐकला आणि तिकीट काढलं.

असं का, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचा प्रवास कळेल. तालीम सोडून जाणाऱ्या गड्यानं वस्तादांपुढे नारळ ठेवून रजा मागायची असते. वस्ताद पाठीला माती लावतात आणि म्हणतात, जा. मी ती मागितलीच नाही. त्याहून वाईट म्हणजे उमरीच्या जत्रेत माझी कुस्ती ठरली होती, जोड वस्तादांनी शब्द देऊन लावली होती, आणि मी चार दिवस आधी विमानात बसलो. व्हिसा आला होता, नोकरी थांबणार नव्हती. पण खरं सांगू? कुस्तीत हातपाय मोडला तर नोकरी जाईल ही भीती होती, आणि हे वस्तादांच्या तोंडावर बोलायची छाती नव्हती. नंतर किती वेळा लातूरला आलो, पण त्या गल्लीत पाय घातला नाही. इतकी वर्षं तोंड लपवून काढली.

तर प्रवास. हैदराबादला उतरलो तर नांदेडला यायला रस्त्यानं देगलूरमार्गे साधारण सहा तास धरा. रस्ता आता चांगला झालाय. आमचा कंडक्टर देगलूरपर्यंत तेलुगूत भांडत होता, तिथून पुढे मराठीत भांडायला लागला, सूर तोच. नांदेडला माझी अक्का राहते. तिनं पिठलं, ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा ताटात वाढला आणि पहिलं वाक्य म्हणजे, "लईच वाळलास की रं." तिकडे माझं वजन आठ किलोनं वाढलंय, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी त्यांच्या नव्या एसी जिममध्ये घेऊन गेले. हौशी प्रवाशांनी हे जरूर बघावं. दिवसापुरतं आत घेतात, कोणी फारसं विचारत नाही. गाणी इतकी मोठ्यानं की आपला श्वास आपल्याला ऐकू येत नाही. मी सवयीनं बाकड्यावर टॉवेल अंथरला, तर भाऊजींनी तो उचलून स्वतःचं तोंड पुसलं आणि परत माझ्या खांद्यावर टाकला. एका अनोळखी गड्यानं माझी कोपरं सरळ केली, दुसऱ्यानं अंडी किती खायची ते सांगितलं, तिसरा म्हणाला, "भाऊ, पगार किती हाय तिकडं?" मला चिडायला हवं होतं. पण अकरा वर्षांत जिममध्ये माझ्याशी कोणी एवढं बोललं नव्हतं. मी सगळ्यांना उत्तरं दिली, पगार सोडून.

निघताना अक्कानं बजावलं, "वस्तादांकडं रिकाम्या हातानं जाऊ नको." म्हणून मोंढ्यातून पाच किलो हळद घेतली. तालमीच्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालतात, म्हणजे माती मऊ राहते आणि खरचटलेलं चिघळत नाही. नांदेडला आलात तर हळद इथूनच घ्या, वासच सांगतो. माझी बॅग अजून पिवळी आहे.

लातूरला सरळ जायला पाहिजे होतं. पण माझा पाय निघेना. आधी उमरी बघावी असं वाटलं, जिथं मी जायला हवं होतं ती जागा. नांदेडहून रेल्वेनं मुदखेडवरून तासाभराच्या आत पोचता, तिकीट दोन चहांच्या पैशात. जत्रेचं मैदान म्हणजे आत्ता नुसती मोकळी जागा, दोन म्हशी आणि वाळत टाकलेलं सोयाबीन. बघायला काही नाही, तेवढ्यासाठी जाऊ नका. मी गेलो ते बळीरामला भेटायला. माझी जोड त्याच्याशी होती. त्याचं आता बी-बियाण्याचं दुकान आहे, आणि कान कुस्तीगिराचे तसेच, चुरगळलेले.

मी नाव सांगितलं. त्यानं खुर्ची पुढे सरकवली. "तू व्हय तो. बस. चहा घेणार का?"

मी म्हणालो, "त्या दिवशी काय झालं, तेवढं विचारायला आलोय."

"तुला कोणी सांगितलं न्हाई?" त्यानं काउंटरवरची वही मिटली. "तुझं नाव पुकारलं. एकदा, दोनदा. लोकं ओरडून राहिले, पळाला पळाला म्हणून. तर तुझे वस्ताद उठले. सदरा काढला. म्हणले, जोड मी लावलीय, तर माझ्या तालमीचा माणूस मातीत उतरणार. साठीचा माणूस, बाबा. माझा तर हातच उचलंना."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. मी आपला धरून राहिलो, दहा-बारा मिनिटं. पाडू कसा? तर तेच माझ्या कानात बोलले, पाड रे लेकरा, न्हाईतर कुस्ती खोटी होते. मग पाडलं. हळूच ठेवलं म्हण. उठले, आपला फेटा माझ्या डोक्यावर बांधला आन् लंगडत लंगडत गेले." त्यानं चहाचा कप माझ्याजवळ सरकवला. "तुझ्यावर लई राग होता माझा. आता न्हाई. चहा घे, थंडा होऊन राह्यला."

चहा मी प्यालो, पण कसा लागला ते आठवत नाही. लंगडत गेले, एवढंच डोक्यात फिरत होतं. सचिन म्हणाला होता, गुडघा गेलाय.

परत नांदेड आणि तिथून लातूरची एसटी. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता, चार तासांच्या आसपास, तिकीट अडीचशेच्या आगेमागे. खिडकीबाहेर तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. अहमदपूरला गाडी थांबते तेव्हा उतरून भजी खा, गरम असतील तरच. मी खाल्ली नाहीत. हळदीची बॅग मांडीवर धरून बसलो. चाकूरच्या पुढे तर असंही मनात आलं, की हळद सचिनकडे द्यावी आणि मागच्या मागे पसार व्हावं. एकदा पळालेल्याला पळणं सोपं जातं.

लातूरला बाजारातल्या गंजगोलाईजवळ मुक्काम केला आणि पहाटे पाचला तालमीत गेलो. थंडी बऱ्यापैकी होती. आत दिवा, मारुतीपुढे उदबत्ती, दहा-बारा पोरं लंगोट कसत होती, आणि बाकड्यावर, मांडीवर शाल घेऊन, इमाम वस्ताद. पत्र्याच्या पेट्या ठोकण्यात सगळी हयात गेली त्यांची, हात तसेच जाड आहेत. बाकीचा माणूस निम्मा झालाय. डोळे मिटलेले होते.

मी चपला बाहेर काढल्या, नारळ आणि हळद त्यांच्या पायांपाशी ठेवली. मातीत पाय टाकला नाही. रजा न घेता गेलेल्याला ती परवानगी नसते.

"वस्ताद, मी आलोय."

डोळे उघडले नाहीत. "आवाज वळखला. नांदेडची हळद हाय का?"

"हाव. वस्ताद, मी उमरीला जाऊन आलो. बळीरामनं सगळं सांगितलं. मला माहीत नव्हतं. तुमचा गुडघा माझ्यामुळं—"

"गुडघा पत्रा ठोकून गेला. चाळीस वर्षं उकिडवा बसलो. तू कशाला त्याचं घेतो डोक्यावर?" मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "सांगितलं असतं तर मीच गाडीत बसवलं असतं तुला. कुस्ती काय, पुढच्या साली झाली असती. न सांगता गेलास, त्याचं वाईट वाटलं."

मला रडू आलं. पोरांदेखत आलं, लपवत बसलो नाही.

"पुरे. कपडे काढ अन् खोद."

न सांगता गेलेल्यानं परत यायचं तर सबंध आखाडा एकट्यानं खोदायचा, ही या तालमीची जुनी शिक्षा. मी फावडं घेतलं. दहा मिनिटांत जिमचा सगळा रुबाब उतरला. तळहाताला फोड आले, कंबर ओरडायला लागली, आणि पोरं कडेला जोर मारता मारता गालात हसत होती. दीड तास लागला. हळद मातीत कालवली, वास सुटला, आणि खरं सांगतो, माझं इतक्या वर्षांचं काहीतरी हलकं झालं.

मग लाकडी मुद्गल फिरवला. आणि खाली ठेवताना, हात आपोआप गेला, टॉवेलनं मूठ पुसली. सगळी तालीम थांबली.

सचिन म्हणाला, "पुसतो काय? घाम मुरलाय म्हणून तर पकड बसते. आमच्या बापाचा घाम हाय त्यात."

वस्ताद हसले. पहिल्यांदाच. "पुसू दे. तिकडची रीत हाय ती, वाईट न्हाई. चल, जोर मार."

मी मारायला लागलो, सचिन मोजायला. वस्तादांनी डोळे परत मिटले. चौदा झाले, पंधरा झाले, आणि बाकड्यावरून आवाज आला, "बारावा अर्धा होता." न बघता. श्वासावरून ओळखतात. मी बारावा खरंच चोरला होता.

"तिकडं कोण मोजतं तुझे?"

"घड्याळ मोजतं, वस्ताद."

"चोरला तर बोलतं का ते?"

"न्हाई."

"मग कसलं मोजणं?" त्यांनी मला जवळ बोलावलं. वाकून मूठभर माती उचलायला त्यांना त्रास झाला, पण कोणाला उचलू दिली नाही. माझ्या पाठीला लावली. हात अजून जड आहे त्यांचा. "आता जा. रजा दिली. फकत एकट्यानं मारू नको. कोणाला तरी मोजायला लाव."

तालीम बघायला जाणाऱ्यांसाठी: पहाटेच जा, चपला बाहेर, मातीत पाय विचारून, फोटोही विचारून. पैसे कोणी घेत नाही, नारळ चालतो. नंतर बाहेर येऊन निलंगा राईस खा. त्या दिवशी मी दोन प्लेटी खाल्ल्या.

जर्मनीतल्या घरी येऊन आता तीन आठवडे झाले. तळहाताचे फोड वाळले. पहिले काही दिवस जिममध्ये गेलो आणि तसाच आलो, विचारायची लाज वाटायची. मग परवा वर्नरपाशी गेलो. तो आता सत्तरीपुढचा आहे. कानातले हेडफोन काढले आणि विचारलं, तुमची हरकत नसेल तर माझे जोर मोजाल का? विचारून मागतोय.

तो गोंधळला. मग माझ्या शेजारी टॉवेल अंथरून बसला, चष्मा लावला आणि अगदी गंभीरपणे मोजायला लागला. आइन्स, त्स्वाय, द्राय. वीस झाले. मी ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलं होतं, ते सचिनला पाठवलं आणि लिहिलं, वस्तादांना ऐकव, सांग की मारतो अजून.

मी घाम पुसत होतो तेवढ्यात उत्तर आलं. वस्तादांचाच आवाज. "म्हातारा चांगला मोजतो. पण सतरावा अर्धा हाय. परत मार."

मी वर्नरला अर्थ सांगितला. तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, सतरावा मलाही दिसला होता, पण तू फक्त मोजायला सांगितलं होतंस, चूक काढायला नाही.

"आता तेही सांगतो," मी म्हणालो आणि परत हात टेकले. त्यानं चष्मा सरळ केला, माझ्या पाठीवर हात ठेवू का म्हणून विचारलं, ठेवला, आणि एकपासून सुरुवात केली.