सिस्टरची सासू आणि आमचे पेशंट

मानसिक आजाराच्या पेशंटना घरी जाऊन भेटायचं, ही आमची नोकरी. मी आणि सुनीता सिस्टर, एका मोटरसायकलवर, धारूरच्या डोंगरपट्ट्यात. औषधांची पिशवी गावोगाव रिकामी व्हायची, किश्श्यांची मात्र भरत जायची!

पहिल्याच गावात पारावर विचारलं, "इथं कुणाला मनाचा आजार आहे का?"

एक म्हातारा म्हणाला, "सरपंच धरून सांगू का सोडून?"

*

दुष्काळाचं साल. टँकर आठवड्यातून एकदा. भीमराव म्हणाले, "गोळी घेतो, पर पानी तुमचं!" आम्ही बाटली न्यायला लागलो. डाळीएवढी गोळी, आणि भीमराव अख्खी बाटली रिकामी करायचे.

"अहो, एवढं पाणी?"

"गोळी लई जड हाय, साहेब!"

*

पेशंटचं भान तपासायला काही ठरलेले प्रश्न असतात. गणपतमामांना विचारलं, "मामा, आत्ता तुम्ही कुठं आहात?"

मामा माझ्याकडं बघतच राहिले. "माझ्या ओसरीवर बसलाव, माझा चहा पिताव, आन् मलाच इचारताव? सिस्टर, आधी ह्यांना तपासा!"

*

काशीबाईंच्या कानात आवाज यायचे. औषधानं कमी झाले, तशा त्या पुन्हा डेअरीत दूध घालायला लागल्या. सोसायटीच्या वार्षिक सभेलाही गेल्या. चेअरमनचं भाषण तासभर चाललेलं. अचानक काशीबाई कानातल्या आवाजावर खेकसल्या, "गप बस की आता! कवाधरून तेच तेच!"

चेअरमन खाली बसले. टाळ्या!

नंतर मला म्हणाल्या, "मी त्यास्नी म्हनले न्हाई ओ. पर बसले ते बरं झालं."

*

आणि विष्णू. पंचविशीतला. वर्षभर भिंतीकडं तोंड, एक शब्द नाही. आई घास भरवायची, तेवढं खायचा. दर गुरुवारी आम्ही जायचो. तो बोलेना, म्हणून सिस्टरच बोलायच्या. विषय एकच, सासू! सासूला घरातली शेळी विकायची होती, सिस्टरना ठेवायची होती. दर गुरुवारी भांडण पुढं सरकायचं. विष्णूची पाठ ऐकायची.

मग सिस्टरना ताप आला, दोन गुरुवार चुकले.

तिसऱ्या गुरुवारी आम्ही टेकतोय तोच विष्णू वळला. घसा खाकरला.

"सिस्टर, शेळीचं काय झालं?"

दारात आईनं तोंडाला पदर लावला. सिस्टरचे डोळे भरले, तोंडातून शब्द फुटेना.

विष्णूनं थोडा वेळ वाट बघितली आणि मान हलवली.

"विकली ना म्हातारीनं? मला वाटलंच!"