सातव्या खांबासमोरचं घरटं

वायरमनदादाने आयुष्यभर एकच काम केलं. संध्याकाळी दिवे लावायचे, सकाळी मालवायचे. सायकलवरून एकेका पेटीपाशी जायचं, खटका ओढायचा, पुढे निघायचं. चौतीस वर्षं. अख्खं गाव आपल्या हातून उजळतं, याचा त्याला आत कुठेतरी तोरा होता.

निवृत्तीला अर्धं वर्ष उरलं असताना किनाऱ्याचा रस्ता झाला. बत्तीस खांब, पांढरेशुभ्र दिवे. तारा त्यानेच जोडल्या. पहिल्या संध्याकाळी लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, "आता मोरीतला दिवाही बघा. सहा महिने मिचमिचतोय."

काही दिवसांनी सकाळीच त्याची थोरली बहीण दारात उभी. हातात बादली. नवरा वारल्यापासून अक्काने किनाऱ्यावरची कासवांची घरटी राखायचं काम अंगावर घेतलं होतं. कुणी नेमलं नव्हतं. ती घरट्याभोवती जाळी लावायची, कुत्री हाकलायची, दिवस मोजायची. पिल्लं अंधार पडल्यावर वाळूतून वर येतात आणि जिकडे उजळ दिसेल तिकडे धावतात. आजवर उजळ असायचा तो समुद्रच.

बादलीत पिल्लं होती. वाळलेली. काही चाकाखाली आलेली.

"दिव्याखाली अंधार असतो म्हणतात," अक्का म्हणाली. "धाकट्या, तू तेवढाही ठेवला नाहीस रे."

आपलेच दात, आपलेच ओठ.

रविवारी त्याने तेलाचे रिकामे डबे जमवले आणि पत्र्याची कात्री घेऊन स्वयंपाकघरातच बसला. दिव्याला वरून टोपी, समुद्राच्या बाजूला लांब झडप. रस्त्यावर उजेड पडेल, वाळूवर नाही. बायकोने आधी कपाळाला हात लावला. मग तीच कडा दुमडायला बसली. "द्या इकडे. बोटं कापून घ्याल आणि भांडी मला घासायला लागतील." ती तशीही तीच घासायची.

अकरा टोप्या झाल्या. घरट्यांसमोरच्या अकरा खांबांवर त्याने त्या चढवल्या. साहेबाला विचारलं नाही. खांबावर चढायला त्याने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्या आठवड्यात एक घरटं फुटलं. शंभरावर पिल्लं झाडून सगळी पाण्यात गेली. अक्का सकाळी घरी आली, दोन कप चहा प्यायली आणि म्हणाली, "बरा कापतोस हो पत्रा." एवढं कौतुक तिने त्याच्या लग्नातही केलं नव्हतं.

पण टोप्यांत एक चूक राहिली होती, आणि ती त्याच्याच हातची होती. नव्या दिव्यांना खटका नव्हता. प्रत्येकाच्या डोक्यावर बोंडाएवढा सेन्सर होता. अंधारलं की त्याला कळायचं आणि दिवा लागायचा, उजाडलं की विझायचा. दादाला हे शिकवलं होतं. त्याने मानही डोलावली होती. पण दिवा माणसाने लावायचा असतो, हे त्याच्या हाडात होतं. टोप्या घालताना त्याने सेन्सर झाकले. टोपीखाली कायमची रात्र झाली. अकरा दिवे दिवसरात्र जळत राहिले. भर उन्हात पेटलेला दिवा कुणाला दिसतो? ढगाळ दिवस आला तेव्हा दिसला. कुणीतरी फोटो काढून तक्रार केली.

साहेब त्याच्या मुलाच्या वयाचा. माणूस वाईट नव्हता.

"दादा, मला आधी सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर हो म्हणाला असतात?"

साहेबाने टेबलावरचा कागद सरळ केला. "आता प्रकरण वर गेलंय."

"सेन्सरपुरतं भोक पाडतो. पाच मिनिटांचं काम आहे, साहेब."

"खांबाला हात लावू नका. चार महिने राहिलेत तुमचे. माझ्यासाठी तरी."

टोप्या उतरल्या. शिडी आणि पेट्यांच्या किल्ल्या जमा झाल्या. किनाऱ्यावर एकच घरटं उरलं होतं, हंगामातलं शेवटचं, बरोबर सातव्या खांबासमोर. दादाने अर्ज लिहिला. चार संध्याकाळी, फक्त तो एक खांब बंद ठेवावा. साहेबाने शिफारस लिहून तो वर पाठवला. वरून उत्तर आलं नाही.

"तार तोड," अक्का म्हणाली.

"पेटीला कुलूप आहे."

"मग कुलूप तोड. चौतीस वर्षं काय नुसती सायकल चालवलीस?"

त्याला तोडता आलं असतं. चार महिन्यांचा विचार त्याच्या मनात आला होता, आणि तो आला होता हे अक्काला कळलं होतं.

घरटं अक्काच्या मोजणीच्या एक दिवस आधीच फुटलं. ऐन दिवेलागणीला. सातवा खांब पेटला आणि वाळू उकळल्यासारखी हलली. अक्काने आणि बायकोने चादर ताणून धरली. चादर ती केवढी, खांब केवढा. पिल्लं सावलीत क्षणभर घुटमळली, मग दोन्ही कडांनी रस्त्याकडे निघाली. दादा ओंजळीने उचलत होता, पाण्यात सोडत होता. लाट त्यांना आत न्यायची. पिल्लं वळायची आणि दिव्यांकडे पोहत परत यायची.

तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. एक पिल्लू त्याच्या पोटापाशी येऊन थांबलं. तो दिव्यांकडे पाठ करून उभा होता. त्याच्या अंगाची सावली पाण्यावर पडली होती आणि पिल्लू त्या सावलीत होतं. पुढे जाईना, मागे जाईना.

"अरे, रस्त्यावर गेली!" अक्का ओरडली. "गाडी येतेय! धाकट्या!"

तो हलला असता तर सावली हलली असती आणि पिल्लू दिव्यांकडे गेलं असतं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. अक्का हाका मारत राहिली.