खंड्या गुरगुरला नव्हता

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. जिंतुरात मला कुत्र्यांचा मास्तर म्हणतात, लोक लांबून कुत्री शिकवायला आणतात — त्यांना तर काय सांगणार?

चारठाण्याच्या गिरजामावशीचे डोळे शुगरनं गेले. आईची मैत्रीण ती. तिला वाट दाखवायला मी खंड्या तयार केला. गावठीच, पण हुशार. पायरी आली की थांबायचा, गाडी आली की तिच्यापुढे आडवा उभा राहायचा. खोड एकच — पंजाला हात लावला की गुरगुरायचा. मला ते खपेना. माझ्या हातचा कुत्रा, आणि गुरगुरतो? गुरगुरला की पट्ट्याचा फटका. हळूहळू आवाज बंद झाला आणि मी मिशीला पीळ दिला. आतली भीती तशीच आहे, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

एकदा मावशी त्याच्या पंजातला काटा चाचपायला गेली. तो थेट चावला. बोट फाटलं. मी तिथंच ओसरीवर बसलो होतो.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "गुरगुरला बी न्हाई रे. मला ऐकू आलं असतं."

तेव्हाच बोलायला हवं होतं — की डोळे गेलेल्या माणसाला कळेल अशी एकच खूण त्याच्यापाशी होती, आणि ती मीच मारून मारून घालवली. पण माझ्या तोंडून निघालं काय? "गुरगुरला की, मावशी. मी हितंच हाय ना. तुला ऐकू आलं न्हाई."

ती म्हणाली, "मंग त्याचा काय दोष." तरी मी खंड्याला नेलंच. पालमकडे एकाच्या शेतावर बांधून आलो.

पूर्वी मावशी पावलांवरून माणूस ओळखायची. आता एकटी बाहेर पडत नाही. कोणी हाक मारली तरी शेजारणीला विचारते — कुणी बोललं का? हे माझ्या एका वाक्यानं झालं. मला लाज वाटते, आणि तरी मी रोज कुत्री शिकवतो.

परवा गेलो होतो. दारात चपला काढल्या, खाकरलो. ती तोंड माझ्याकडे करून नुसती बसून राहिली. नाव सांगितलं तेव्हा हसली.

"चाहूल लागली व्हती रे, पर म्हनलं भासच आसंल. ह्या कानाचं आता काय खरं न्हाई."

तिचे कान ठणठणीत आहेत. मी चहा प्यालो, येतो म्हणालो आणि निघून आलो.