शंभर मैलांचे पत्रक

बरगडीखाली दुखते, संध्याकाळी अंगात कणकण असते, जिना चढताना दम लागतो, आणि यातले काहीच तुम्ही घरात सांगत नाही. नेमकी कुणाची लाज राखता आहात तुम्ही?

मी माझ्याच एका छापील कागदाची राखत होतो.

परळच्या रुग्णालयात डॉक्टरांनी माझ्या छातीचा एक्स-रे खिडकीसमोर धरला. उजव्या बाजूच्या बरगड्या मोजता येत होत्या. डावी बाजू अर्ध्यापर्यंत पांढरी होती.

"हे सगळं पाणी आहे. प्लुरल इफ्यूजन," ते म्हणाले आणि मग समजावून सांगू लागले. फुफ्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात. त्यांना सूज आली की मध्ये पाणी साचते आणि फुफ्फुस दाबले जाते. माझ्या वयात त्यामागे बहुतेक वेळा क्षय असतो.

"दुखतंय कधीपासून?"

"तीन आठवडे. पण परवा थांबलं. म्हणून तर सायकल काढली."

"किती लांब गेलात?"

"एकसष्ट मैल."

त्यांनी फिल्म खाली घेतली. "कुठे जायचं होतं?"

"कुठंच नाही. फिरून लालबागलाच यायचं होतं."

लालबागला मी भाऊ, वहिनी आणि पुतण्याबरोबर एका खोलीत राहतो. भाऊ गिरणीत आहे. मी संयुक्त महाराष्ट्राची पत्रके लिहितो, सायकलवरून वाटतो. जे पुढारी सभेत एक बोलतात आणि दिल्लीत दुसरे, त्यांच्यावर मी सर्वांत जास्त लिहिले आहे. शब्द दिला की पाळा, एवढे एकच तत्त्व मला लहानपणापासून पक्के माहीत होते.

व्यायामशाळेतला माझा मित्र दिगू मला रोज डिवचायचा. "तू नुसता कागद काळे करणारा रे. तुझ्या पायांत दम कुठाय?" एका दिवसात सायकलने शंभर मैल जायचे, हे तेव्हापासून माझ्या मनात होते. लालबागहून भायखळा, गिरगाव चौपाटी, वरळी, दादर, परळ आणि परत लालबाग. दहा मैलांची एक फेरी, अशा दहा फेऱ्या. दुसरा कोणी असता तर मुकाट्याने सराव करून गेला असता. मी पत्रक काढले. 'येत्या रविवारी शंभर मैल. सूर्यास्ताच्या आत. पाहायला या.' खाली माझे नाव छापले.

पत्रक वाटले त्याच आठवड्यात डाव्या कुशीत कळ आली. दीर्घ श्वास घेतला की सुरी फिरल्यासारखे व्हायचे. व्यायामशाळेच्या वस्तादांना दाखवले. ते मालवणचे, आमच्या सगळ्यांचे हाडवैद्य.

"मेल्या, उसाण भरली हा," ते म्हणाले. "तेल चोळ आणि जोर वाढव. छाती मोकळी होतली."

उसण भरली की तेल आणि दुप्पट जोर, हा आमच्याकडचा शिरस्ता. मी दोन्ही केले. अंगात ताप होता, तो मेहनतीचा ठरवला. रविवार एकदा पुढे ढकलला, तेवढ्यानेच मान खाली गेली. मग नवा रविवार ठरला आणि त्याच्या दोन दिवस आधी कळ एकाएकी गेली. तेलाला यश आले म्हणून वस्तादांनी माझी पाठ थोपटली.

डॉक्टरांनी यातला अर्थ सांगितला तो असा. सुजलेले पडदे एकमेकांवर घासतात तोवर दुखते. मध्ये पाणी भरले की घासणे थांबते, आणि दुखणेही थांबते. मला बरे वाटले तेव्हा आजार वाढला होता. हे वाक्य मी खास तुमच्यासाठी लिहीत आहे.

रविवारी पहाटे पाचला निघालो. दिगू व्यायामशाळेच्या दाराशी खडू घेऊन बसला होता. प्रत्येक फेरीला भिंतीवर एक रेघ. पाचव्या फेरीनंतर मला बोलताना वाक्य पुरे करता येईना. सहाव्या रेघेला दिगू उठून उभा राहिला.

"बस कर रे. तोंड बघ तुझं. मी उरलेल्या चार रेघा मारतो, कोणाला कळणार?"

"मला कळेल," मी म्हणालो आणि त्याच्या हातातला खडू रस्त्यात फेकला.

सातव्या फेरीत, भायखळ्याच्या बाजाराशी, रस्ता वर आला आणि मी खाली. एका भाजीवाल्याने कोबीची हातगाडी रिकामी केली आणि मला तिच्यावर आडवे घातले. परळपर्यंत तो ती एकटा ढकलत आला. त्याचे नाव विचारायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी टॅपिंग झाले. पाठीतून, दोन बरगड्यांच्या मधून सुई घालून पाणी काढतात. "खुर्चीच्या पाठीवर हात टेका, सायकलच्या हँडलवर ओणवे होता तसे," डॉक्टर म्हणाले. मी टेकले. काचेची बाटली फिक्या चहाच्या रंगाच्या पाण्याने भरली, मग दुसरी अर्धी. श्वास आत कुठवर जातो, हे मी विसरलो होतो.

घरातल्या तिघांच्याही छातीचे फोटो काढायला सांगितले. एका खोलीत आम्ही एकाच तांब्याने पाणी प्यायचो. निकालाला चार दिवस लागले. या आजारपणात मी घाबरलो तो तेव्हाच. तिन्ही फोटो स्वच्छ निघाले.

पुढचे तीन महिने स्ट्रेप्टोमायसिनची सुई, म्हणजे क्षयाचे जंतू मारणारे औषध, आणि 'पास' नावाची पूड, जी गिळताना आतडी वर येतात. शेजारच्या खाटेवर माझगावच्या गोदीतले एक काका होते. माझी हकीकत ऐकून म्हणाले, "शंभर मैल? आठ महिन्यांत मी मोरीच्या पलीकडं गेलो नाही. तू मोठा प्रवासी!" खिडकीखालून मोर्चे जायचे. घोषणा ऐकू यायच्या, त्यांतल्या दोन माझ्या होत्या.

वस्ताद एकदा आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, बसले नाहीत. म्हणाले, "माझा चुकला. आता कोणाक तेल देणय नाय. आधी फोटो काढून ये, म्हणतंय." एवढे बोलून ते गेले.

तिसऱ्या महिन्यात मान वळवली की खोली फिरू लागली. त्या सुयांनी काहींच्या कानातली तोल सांभाळणारी नस दुखावते, हे डॉक्टरांनी लपवले नाही. औषध बदलले. "फुफ्फुस वाचलं. तोल थोडाफार परत येईल. पूर्ण येईलच असं सांगत नाही."

घरी आल्यावर व्यायामशाळेच्या अंगणात सायकलवर बसून पाहिले. दोन हात अंतर गेलो आणि पाय टेकला. पुन्हा बसलो, पुन्हा टेकला. भिंतीवर सहा रेघा तशाच होत्या. दिगूने पुसल्या नव्हत्या, वाढवल्याही नव्हत्या. मी सायकल त्याला देऊन टाकली. हल्ली पत्रके तो वाटतो, मी चालत जाऊन होतील तेवढी वाटतो.

मी छापलेला शब्द पाळला नाही, म्हणून हे दुसरे पत्रक छापतो आहे. मी शंभर मैल गेलो नाही. एकसष्ट गेलो. उरलेले जाणार नाही. पुढाऱ्यांविषयी लिहिले त्यातले एक अक्षरही मागे घेत नाही. पण पाळायचा शब्द आणि मागे घ्यायचा शब्द यांतला फरक मला तेव्हा कळायला हवा होता.

आता माझी मागणी. हा कागद वाचून खाली ठेवू नका. तुमच्या खोलीत, खानावळीत, खात्यात कोणी तीन आठवडे खोकत असेल, कुशीला हात लावून बसत असेल, तर उद्या सकाळी त्याला फोटो काढायला न्या. नुसते 'जा' म्हणू नका. त्याच्याबरोबर जा, रांगेत उभे राहा. परळच्या त्या रुग्णालयाचे दार माझ्या फेरीच्या वाटेवरच आहे. त्या रविवारी मी त्यावरून सहा वेळा गेलो. सहाही वेळा ते उघडे होते.