दरबारात न उठलेला हात

दर सोमवारी सकाळी कामणच्या गोदामात मी पहारेकऱ्यांना रांगेत उभं करून विचारतो, "कुणाची काही तक्रार?" फौजेतून आणलेली सवय. परवा एक जण म्हणाला, "साहेब, तक्रार केली की मागच्या गेटला ड्युटी लागते, ठाऊक आहे आम्हाला." सगळे हसले. मला हसता आलं नाही.

फौजेत याला दरबार म्हणतात. महिन्यातून एकदा सगळी कंपनी अधिकाऱ्यासमोर बसते आणि कुणीही जवान उठून आपलं दुखणं मांडू शकतो. मी हवालदार होतो तेव्हा आमच्या दरबारात कुणाचाच हात वर जात नसे. सरावात आम्ही कायम शेवटी. बाकीच्या कंपन्या ओरडत, "आलं रे वऱ्हाड, पानं मांडा!"

मग नवे मेजरसाहेब आले. धावताना ते सगळ्यात मागे पडलेल्या जवानाशी गप्पा मारत धावत. प्रत्येकाला गावाच्या नावाने हाक मारत. मी त्यांचा 'नायगाव'. माणसं ताठ चालू लागली, पण दरबारात तोंड उघडेनात. कारण मी होतो. आदल्या दिवशी मी बजावून ठेवी, "साहेबांसमोर रडगाणं नको. मला सांगा, मी बघतो."

त्याच दिवसांत माझ्याच वसई तालुक्यातल्या एका जवानाने रजेचा अर्ज माझ्याकडे दिला. वडील आजारी होते. गाववाल्याला आधी सोडलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी तो अर्ज आठ दिवस पेटीत ठेवला. तो घरी पोचला तेव्हा बापाला माती देऊन झाली होती.

पुढच्या दरबारात मेजरसाहेबांनी त्याला विचारलं, "अर्ज इतका उशिरा का आला?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "मीच उशिरा दिला, साहेब."

मी हात गुडघ्यांवर दाबून बसून राहिलो.

मेजरसाहेब उठून त्याच्यासमोर गेले. "माझ्या जवानाला माझ्याकडे यायला भीती वाटली. चूक माझी. मला माफ कर."

एक हात वर गेला, मग दुसरा, मग कितीतरी. कंपनी त्या दिवशी उभी राहिली. पुढच्या सरावात पहिली आली. शाबासकी मलाही मिळाली. मी ती घेतली.

परवा गोदामातून सरळ त्या जवानाच्या वाडीत गेलो. तोही आता निवृत्त. मी माफी मागितली. तो केळीची पानं कापत होता, थांबला नाही.

"मला काय सांगता, हवालदारसाहेब? अर्ज मीच दिला होता ना तुमच्या हातात!"

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"गाववाले तुम्ही. पुढे इथंच तोंड दाखवायचं होतं दोघांना." मग म्हणाला, "ज्यांनी अंगावर घेतलं, त्यांना सांगा."

बोळिंजला, आताच्या घरी येऊन मेजरसाहेबांना फोन लावला. "नायगाव! घरी सगळं ठीक?" आवाज थकलेला, हाक तीच. मी सगळं सांगितलं.

"मी माफी मागत होतो तेव्हा तू समोर होतास?"

"हो, साहेब."

"मी सगळ्यांसमोर मागितली होती. तूही तशीच माग."

जुन्या कंपनीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. हे सगळं आज सकाळी तिथे टाकलं. सगळ्यांनी वाचल्याची निळी खूण आली आहे. अजून कुणी काही बोललेलं नाही.